‘हे अजून कोण वापरतं?’

वेबसाइट, सॉफ्टवेअर आणि त्यांच्या जिवावर चालणाऱ्या छोट्या धंद्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इचलकरंजीत वेबसाइटची कामं करतो. ऑफिस म्हणजे मी आणि डिझाइन बघणारी एक मुलगी. पूर्वी वर्डप्रेस करायचो, आता बहुतेक कामं प्रोसेसवायरमध्ये करतो. दोन्ही वेबसाइट बनवायची आणि सांभाळायची सॉफ्टवेअर. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं काम जवळजवळ ठरलं होतं. डिझाइन पसंत, दर पसंत. पण कोटेशनमध्ये प्रोसेसवायर हे नाव वाचलं आणि गाडं अडलं. मालकांच्या मुलानं चारचौघांना विचारलं, तर कुणीच ते ऐकलेलं नव्हतं. ‘हे अजून कोण वापरतं? वर्डप्रेसमध्येच करून द्या,’ असा निरोप आला. मी दोन्हींची तुलना करणारं बारा पानी प्रेझेंटेशन पाठवलं, त्यावर काही उत्तर नाही. त्यांच्या कामाला माझंच टूल जास्त योग्य आहे, ही माझी खात्री आहे. पटवू कसं? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बारा पानी प्रेझेंटेशन! मालकांनी दुसरं पान उलटलं असेल तर राजारामपुरीत मिसळ माझ्याकडून.

सोबतचं कोटेशनही वाचलं. पहिलीच ओळ अशी आहे : ‘प्रोसेसवायर या अत्याधुनिक व लवचिक सीएमएसवर आधारित वेबसाइट.’ (सीएमएस म्हणजे साइटवरचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर.) मालकांना हवी होती कास्टिंगची नीट यादी, चौकशीचा फॉर्म आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला बिनदिक्कत पाठवता येईल अशी लिंक. त्यांनी न विचारलेली गोष्ट तुम्ही सगळ्यांत वर मांडलीत, मग त्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. टूलचं नाव कोटेशनमध्ये असायलाच हवं. पण त्याची जागा तिसऱ्या पानावर, ‘तांत्रिक तपशील’ या मथळ्याखाली, पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांच्या शेजारी.

त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा आहे असं मात्र समजू नका. वर्डप्रेस २००३ पासून आहे, जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात, आणि कोल्हापुरात कुठल्याही गल्लीत हाक मारा, ‘मी करतो की वर्डप्रेस’ म्हणत एक तरी पोरगा बाहेर येतो. मालक विकत घेतात तो हाच गल्लीतला दुसरा पोरगा. कारण पहिल्यानं कधीतरी त्यांना वाऱ्यावर सोडलेलं असतं. ही गोष्ट एमआयडीसीत जवळपास प्रत्येकाकडे असते. साइट करणारा पुण्यात नोकरीला लागला, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्याच ईमेलवर, रिन्यूअलची नोटीस त्यालाच गेली, त्यानं उघडली नाही, आणि एका सोमवारी कंपनीच्या नावाखाली भलत्याच जाहिराती. असं पोळलेल्या माणसाला तुम्ही टूलचे गुण ऐकवत बसलात. उद्या तुम्ही फोन उचलला नाहीत तर त्यांचं काय, हे त्यांना ऐकायचं होतं.

नशीब तुमचं की गिऱ्हाईक फाउंड्रीवालं आहे. हा विषय त्यांच्याइतका कुणालाच कळत नाही. पंपाच्या केसिंगची ऑर्डर येते तेव्हा पॅटर्नचे, म्हणजे ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्याचे, पैसे कोण भरतं? ऑर्डर देणारा. पॅटर्न पडून असतो फाउंड्रीत, रंग मारून, नंबर टाकून, पण मालकी ऑर्डर देणाऱ्याची. उद्या बिनसलं तर पॅटर्न टेम्पोत घालून तो शेजारच्या फाउंड्रीत जाऊ शकतो. हे दोघांनाही ठाऊक असतं, आणि तरीही तोच पॅटर्न वर्षानुवर्षं तिथंच पडून राहतो. मालकांसमोर बसा आणि सरळ सांगा : साहेब, या साइटचा पॅटर्न तुमचा, आम्ही फक्त ओतकाम करणार.

मग पॅटर्नमध्ये काय काय येतं ते दोन पानांत लिहून द्या. डोमेन कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर, रिन्यूअलचे पैसे कंपनीच्या खात्यातून. होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथं ठेवली त्या जागेचं, खातं कंपनीचं, तुम्हाला त्यात फक्त प्रवेश. ॲडमिनचा मुख्य लॉगिन मालकांकडे, बंद पाकिटात का होईना. बॅकअप कुठं जातो, कधी जातो, परत कसा चढवायचा. इथं प्रोसेसवायरचा साधेपणा तुमच्या कामी येईल. त्याला साधं शेअर्ड (अनेकांत वाटलेलं) होस्टिंग चालतं, वेगळा सर्व्हर लागत नाही. फोल्डर लक्षात ठेवायचे ते दोनच : ‘वायर’मध्ये मूळ सॉफ्टवेअर, ‘साइट’मध्ये तुम्ही केलेलं काम आणि त्यांचे फोटो. अपडेट करताना बदलायचं ते ‘वायर’, ‘साइट’ला हात लावायचा नाही. डेटाबेसमध्ये प्रत्येक फील्डचा (रकान्याचा) स्वतंत्र टेबल असतो, त्यामुळे कास्टिंगची वजनं कुठं साठवली आहेत हे कुठल्याही पीएचपीवाल्याला दहा मिनिटांत सापडतं. टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा, साध्या पीएचपी-एचटीएमएलच्या फाइलचा. पीएचपी येणारी माणसं तर गल्लोगल्ली आहेत. ‘प्रोसेसवायर येणारा माणूस कुठून आणू?’ याचं उत्तर ‘पीएचपी येणारा आणा’ हे आहे, पण ते तोंडानं सांगून कुणाला पटत नाही.

म्हणून करून दाखवा. सांगली-मिरजेकडचा एखादा पीएचपीवाला गाठा, ज्यानं प्रोसेसवायर कधी उघडलेलंही नाही असा. त्याला तुमचीच एखादी जुनी साइट, लॉगिन आणि ती दोन पानं एवढंच द्या, आणि एकच काम सांगा : उत्पादनाच्या पानावर ‘हीट ट्रीटमेंट’ असा एक रकाना वाढव आणि तो साइटवर दिसेल असं कर. ॲडमिनमध्ये फील्ड बनवायचं, टेम्प्लेटला जोडायचं, फाइलमध्ये एक ओळ घालायची. त्याच्या दुपारचे पैसे तुमच्या खिशातून द्या. त्याला जमलं तर त्याच्या परवानगीनं त्याचं नाव आणि नंबर पुढच्या कोटेशनमध्ये टाका. नाही जमलं तर दोष टूलचा नाही, तुमच्या कोडचा किंवा त्या दोन पानांचा आहे, आणि मग मालकांची शंका रास्तच होती. आमच्या कोटेशनमध्ये ‘आम्ही नसलो तर’ असा एक परिच्छेद असतो. गिऱ्हाइकं दराखालोखाल तोच परिच्छेद वाचतात. एका कारखानदारांनी तर तो मोठ्यानं वाचून मुनीमजींना ऐकवला होता.

दुसरी गोष्ट, त्यांचा माल स्क्रीनवर आणा. नमुन्याची साइट दाखवाल तर ते रंगांवर बोलत बसतील. त्यांच्याच पाच-सहा कास्टिंगची खरी माहिती घ्या : ग्रेड एफजी २६० की एसजी ४००/१५, वजन किती किलो, मशिनिंग करून की रफ, कुठल्या उद्योगासाठी. त्या नावांचे रकाने बनवा आणि लेबल मराठीत ठेवा. ‘टायटल’, ‘कंटेंट’, ‘एक्सर्प्ट’ यांतलं काहीही दिसायला नको. मग लॅपटॉप मालकांपुढे करू नका. उद्या एंट्री ते करणार नाहीत. मार्केटिंगला किंवा डिस्पॅचला जी व्यक्ती बसते तिच्यापुढे करा आणि गप्प बसा.

कोल्हापुरी चपलांच्या एका व्यापाऱ्याकडे आम्ही हेच केलं होतं. सासरे वर्डप्रेसवर अडून बसलेले, कारण त्यांच्या साडूची साइट त्यात होती. लॅपटॉप सुनबाईंसमोर ठेवला, कारण फोटो काढणं आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणं त्याच बघायच्या. स्क्रीनवर रकाने होते : प्रकार, कातडं, वेणी किती पदरी, तळ, नंबर कुठले, दर. प्रकाराच्या यादीत कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाली. त्यांनी एका कापशीची माहिती भरली, फोटो ओढून टाकला, सेव्ह केलं आणि मोबाइलवर पान उघडून बघितलं. मग म्हणाल्या, ‘एवढंच? आणि अंगठा कुठं लिहायचा?’ तिथल्या तिथं ‘अंगठा’ नावाचा रकाना वाढवून दिला. सासरे बघत होते. त्यानंतर बोलणं आगाऊ रकमेवर आलं. साडूंच्या साइटवर लॉगिन केलं की आधी प्लगइनच्या (वर्डप्रेसला वरून जोडायच्या सॉफ्टवेअरच्या) जाहिराती, लाल गोळ्यातले अपडेटचे आकडे, ‘प्रो व्हर्जन घ्या’च्या पट्ट्या, आणि मग कुठंतरी चपला. हे आम्ही बोललो नाही. सुनबाईंनी ते घरी पाहिलेलंच होतं.

तुमच्या फाउंड्रीला इंग्रजीबरोबर आणखी एखादी भाषा लागणार असेल तर तेही त्याच बैठकीत दाखवा. एका रकान्याला भाषांचे टॅब ही सोय प्रोसेसवायरच्या मूळ पॅकेजमध्येच येते. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी वेगळं प्लगइन बसवावं लागतं. एवढा एक फरक डोळ्यांनी दिसला की पुरे. बारा पानांची गरज नाही.

आता कच्चा दुवा. मुलगा हुशार आहे, गूगल करणारा आहे, तो शोधून काढेलच, तेव्हा तुम्हीच आधी सांगा. प्रोसेसवायर मुख्यतः रायन क्रेमर या अमेरिकेतल्या एका माणसानं उभं केलेलं सॉफ्टवेअर आहे. २०१० मध्ये त्यानं ते मुक्त केलं आणि आजही मुख्य काम तोच बघतो. ‘त्याला काही झालं तर?’ हा प्रश्न येणार. उत्तर असं : सॉफ्टवेअर मोझिला पब्लिक लायसन्सखाली मोफत आहे, त्याची पूर्ण प्रत आपल्या होस्टिंगवर आहे, त्याच्या सर्व्हरला विचारून आपली साइट चालत नाही. तो उद्या थांबला तरी साइट परवा बंद पडत नाही. पुढं होस्टिंगवाला पीएचपीची आवृत्ती बदलेल तेव्हा दुरुस्ती लागेल, किंवा शांतपणे दुसरीकडे जाता येईल. आणि साइटवरची माहिती बाहेर काढायचा रस्ता ठेवलेला आहे, हे त्या दोन पानांत आहेच.

‘मोठ्या कंपनीचं असतं तर बरं’ असं ते म्हणाले तर एकच दाखला द्या, फ्लॅशचा. ते नाव त्यांनी ऐकलेलं असतं. वेबपानावर ॲनिमेशन आणि व्हिडिओ चालवणारं, ॲडोबीसारख्या कंपनीचं, जगभर पसरलेलं, आणि ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार संपला. त्याच कंपनीचं म्यूज नावाचं वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअरही त्याच वर्षी मार्चमध्ये गेलं. फेसबुकनं विकत घेतलेली, ॲपचा डेटा सांभाळणारी पार्स ही सेवा जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं, त्यांना फ्लॅश पुरे. २०२४ च्या शेवटी शेवटी वर्डप्रेसच्या घरात जे कोर्टकज्जे सुरू झाले ते तर अजिबात काढू नका. वर्डप्रेसला नावं ठेवलीत की तुम्ही कुणाच्या तरी साडूला, मेहुण्याला किंवा सीएच्या भाच्याला नावं ठेवलेली असतात.

एक शंका हमखास येते ती एसईओवाल्याकडून, म्हणजे साइट गूगलवर वर आणायचं काम करणाऱ्याकडून. ‘योस्टचा हिरवा दिवा दिसला पाहिजे.’ (योस्ट म्हणजे पान गूगलसाठी नीट लिहिलंय का ते दाखवणारं वर्डप्रेसचं प्लगइन.) त्याच्याशी वाद घालू नका. गूगलला पान दिसतं ते एचटीएमएलच्या रूपात, ते कशानं बनवलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. प्रत्येक पानाला शीर्षक आणि वर्णन लिहायचे रकाने द्या, साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) द्या, पान मोबाइलवर झटकन उघडेल असं करा. दिव्याशिवाय त्याचं काम होतं हे त्यालाही कळतं, फक्त महिन्याच्या रिपोर्टात लावायला स्क्रीनशॉट मिळत नाही.

आणि हो, दर कमी करू नका. ‘नवं टूल आहे म्हणून थोडं स्वस्तात करतो’ म्हणालात की माल दुय्यम आहे हे तुम्हीच कबूल केलंत. कोल्हापूरच्या बाजारात हे सांगायची गरज पडू नये.

कुठं हट्ट सोडायचा तेही सांगते. गिऱ्हाइकाला ऑनलाइन दुकान हवं असेल, पेमेंट गेटवे, कुरिअरचे दर, जीएसटीचं बिल सगळं आठवड्याभरात जोडून हवं असेल, तर वर्डप्रेस आणि वूकॉमर्स या त्याच्या दुकानाच्या प्लगइनवर या गोष्टी तयार मिळतात. रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेवाल्यांचं स्वतःचं प्लगइन आहे. तिथं प्रोसेसवायरमध्ये सगळं हातानं जुळवणं म्हणजे तुमची हौस त्यांच्या पैशानं. कंपनीत वर्डप्रेस येणारा पगारी माणूस असेल तरीही हट्ट सोडा. फाउंड्रीच्या बाबतीत यातलं काही दिसत नाही. कास्टिंग कुणी कार्टमध्ये टाकून विकत घेत नाही, ड्रॉइंग पाठवून दर मागवतं. त्यामुळे तुमची खात्री मला पटते.

तेव्हा फोन करा आणि प्रेझेंटेशनबद्दल एक शब्द काढू नका. ‘तुमच्या सहा कास्टिंगची माहिती पाठवा, अर्ध्या तासासाठी येतो’ एवढंच म्हणा. एवढं करूनही ‘वर्डप्रेसच’ म्हणाले तर दोनच रस्ते : मन लावून वर्डप्रेसमध्ये करा, नाहीतर ज्याला ते मन लावून करता येतं त्याचं नाव सुचवा. नाराजीनं केलेलं वर्डप्रेस सगळ्यांत वाईट. तसली साइट नंतर तुमच्याच नावानं ओळखली जाते.

प्रश्न : आम्ही चिपळूणजवळ एक छोटं सार्वजनिक वाचनालय चालवतो. वेबसाइट करणारा मुलगा म्हणतो ह्यूगोमध्ये करू, फुकट आहे आणि हॅक होत नाही. आम्हा विश्वस्तांपैकी कुणीच हे नाव ऐकलेलं नाही. होकार द्यावा का? – एक विश्वस्त

उत्तर : मुलगा खोटं बोलत नाही. ह्यूगो हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर २०१३ पासून आहे. ते सगळी पानं आधीच बनवून ठेवतं. सर्व्हरवर डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही, त्यामुळे चोराला शिरायला दारंच कमी. होस्टिंगही जवळजवळ फुकटात होतं.

पण त्याला एक विचारा : दर महिन्याला नव्या पुस्तकांची यादी कोण टाकणार? नुसत्या ह्यूगोत मजकूर फाइलमध्ये लिहावा लागतो आणि मग साइट पुन्हा बनवून चढवावी लागते. तुमचे ग्रंथपाल यादी फळ्यावर लिहितात आणि फळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात असं मी गृहीत धरते. ह्यूगोला वरून संपादनाची स्क्रीन जोडता येते, डेकॅप नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. मुलाला सांगा, ते जोड, ग्रंथपालांना खुर्चीत बसव आणि त्यांच्या हातून दहा पुस्तकांची यादी टाकून घे. तू मागं उभा राहा, माउसला हात लावू नकोस. जमलं तर खुशाल होकार द्या, नाव ऐकलेलं असो वा नसो. नाही जमलं तर ती साइट वर्षभर एकाच यादीवर थांबलेली दिसेल.

डोमेन संस्थेच्या नावावर घ्या, कुणा एका विश्वस्ताच्या नव्हे. विश्वस्त बदलतात, भांडतात, अमेरिकेला मुलाकडे जातात. बॅकअप इमारतीबाहेर ठेवा. जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्यांना याचं कारण मी सांगायला नको.

प्रश्न : मी पुण्यात एका एजन्सीत आहे. आमचे साहेब म्हणतात, गिऱ्हाइकाला टूलचं नाव सांगायचंच नाही, म्हणजे वादच नको. हे बरोबर आहे का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. आणि ते टिकतही नाही. वॅपलायझरसारखं ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन लावलं की बऱ्याच साइट कशात बनवल्या आहेत ते एका क्लिकमध्ये कळतं, आणि गिऱ्हाइकाकडे ते लावणारा कुणीतरी भाचा असतोच. शिवाय ॲडमिनच्या लॉगिन पानावर बहुतेक टूलचा लोगो असतो. पैसे देऊन झाल्यावर नाव कळलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ‘हे चांगलं आहे का?’ असा नसतो, ‘हे आधी का नाही सांगितलं?’ असा असतो. त्याचं उत्तर द्यायला साहेब मीटिंगमध्ये नसतात, तुम्ही असता. करारात टूलचं नाव, आवृत्ती आणि लायसन्स लिहायचा आग्रह धरा. साहेबांनी नकार दिला तर निदान तो ईमेलवर घ्या.